डावा पाय, डावा हात

स्टुडिओत त्याला मिस्त्री म्हणत आणि गल्लीत उंट. मिस्त्री का, ते सांगायला नको. सिनेमासाठी खोटी घरं उभारणं हे त्याचं काम. पुढून राजवाडा, मागून नुसत्या फळ्या आणि टेकू. उंट का म्हणत, त्यासाठी मात्र जरा मागे जायला हवं.

लढाई सुरू झाली तेव्हा गल्लीतली सगळी तरणी पोरं भरतीला गेली, तसा हाही गेला. उंची भरली, छाती भरली, डोळे चांगले निघाले. उरली परेड. मैदानाच्या कुंपणाशी त्याचे वडील उभे होते. पलटणीतले निवृत्त हवालदार, नाकावर माशी बसू न देणारे. भरतीच्या साहेबांनी जुनी ओळख म्हणून कौतुकाने म्हटलं, "हवालदार, तुमचाच मुलगा, हुकूम तुम्हीच द्या." वडिलांनी "तेज चल!" अशी आरोळी ठोकली की झाडावरची पाखरं उडाली. पोरगं निघालं. डावा पाय पुढे, त्याच्याबरोबर डावाच हात पुढे. मग उजवा पाय, उजवा हात. तुम्ही-आम्ही चालतो तेव्हा हातपाय आपोआप उलटसुलट पडतात, त्याला शिकवणी लागत नाही. पण एकाच बाजूचे दोन्ही पुढे टाकत माणूस छाती काढून चालला की थेट उंट दिसतो. सगळं मैदान पोट धरून हसलं. साहेबांनी पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, वडील पुन्हा पुन्हा ओरडले, आणि दर वेळी उंटच. नाव कटलं.

हसणं काय, चार दिवसांत विरलं असतं. पण वडिलांच्या डोक्यात भलतंच बसलं. मरणाला भिऊन पोराने मुद्दाम सोंग आणलं, अशी त्यांची खात्री झाली, आणि ती मनात ठेवतील तर ते हवालदार कसले? गल्लीभर सांगून झालं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं आईमार्फत चाले. "अगं, त्याला म्हणावं दाराला कडी घाल." "आई, बाबांना सांग, घातली." दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर. आई बिचारी पोस्टमन होऊन बसली होती.

उंट म्हटल्याचं मिस्त्रीला काही वाटत नव्हतं. बापाला आपण भित्रे वाटतो, हे मात्र त्याला आतून खात होतं. आपण सोंग केलं नाही, एवढंच त्याला बापाला पटवायचं होतं. पण चूक मुद्दाम केली नाही याचा पुरावा माणसाने आणायचा तरी कुठून?

लढाई लांबली. खिडक्यांना काळे कागद लागले, रॉकेल मिळेना, लोकांचे चेहरे उतरले. तेव्हा स्टुडिओने ठरवलं, फौजेवर एक विनोदी सिनेमा काढायचा. गबाळ्या रंगरुटांची तुकडी आणि त्यांना शिकवता शिकवता वेडापिसा होणारा हवालदार. मिस्त्रीने प्लायवूडची बराक उभारली, तिच्यावर विटा रंगवून घेतल्या, सगळ्यांना लाकडी बंदुका करून दिल्या, कारण खऱ्या बंदुका खऱ्या कामावर होत्या. नटांना कवायत शिकवायला एक अस्सल हवालदार बोलावला. तो कोण, हे मिस्त्रीला बाबांच्या ओळखीच्या मिशा फाटकातून आत आल्यावर कळलं. दिग्दर्शकाने तो आवाज ऐकला आणि म्हटलं, नट कशाला, पडद्यावरही हेच राहू देत.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. सिनेमाचा नायक अंगाने लठ्ठ पण मूळचा नाचणारा. चुकीचं चाल म्हटलं की तो इतक्या तालात चुकायचा की त्यावर तबला वाजवावा. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. त्यातच मागच्या रांगेतल्या एका पोराला खऱ्या फौजेचं बोलावणं आलं आणि तो मेकअप पुसून निघून गेला. रांगेत जागा रिकामी पडली.

"मिस्त्री, करवत ठेव आणि वर्दी चढव," दिग्दर्शक म्हणाला. "नुसतं मागे उभं राहायचंय."

नाही म्हणायची सोय नव्हती. मिस्त्री उभा राहिला. समोरून वडिलांची आरोळी आली, "तेज चल!" आणि डावा पाय, डावा हात!

आधी कॅमेरावाला हसला, मग लाइटवाले, मग नायकाने जमिनीवर बसकण मारली. दिग्दर्शक तर नाचायचाच बाकी होता. "हेच! हेच हवं होतं मला!"

हसले नाहीत ते एकटे हवालदार. ते दिग्दर्शकाकडे वळून म्हणाले, "साहेब, त्याला सांगा, सोंगं तो छान करतो. अनुभव आहे."

"साहेब, त्यांना सांगा," मिस्त्री रांगेतूनच म्हणाला, "तेव्हाही सोंग नव्हतं, आत्ताही नाही."

दिग्दर्शकाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "अहो, तुम्ही दोघं समोरासमोर उभे आहात. मी काय टेलिफोन आहे?"

पण त्याला भांडणात रस नव्हता, त्याला प्रसंग सुचला होता. ही चाल एखाद्या साथीसारखी पसरणार. मिस्त्रीपासून नायकाला, नायकापासून सगळ्या रांगेला, आणि शेवटी खुद्द हवालदारालाच लागणार! नायक आणि बाकीचे मिस्त्रीला पाहून पाहून शिकले. अडकले ते हवालदार. उभा जन्म कवायतीत गेलेलं अंग चुकायलाच तयार होईना. दाढ दुखावी तसा चेहरा करून ते हाताला समजावायचे, आणि पाऊल पडताच हात आपला बरोबर जागी. लढाईमुळे कच्ची फिल्म तोलूनमापून मिळायची, ती वाया जात चालली. अखेर डब्यात एका प्रयत्नापुरतीच उरली.

"अहो, मुद्दाम चुकायचंय फक्त," दिग्दर्शक काकुळतीला आला.

"मुद्दाम होत नाही ते, साहेब," हवालदार घाम पुसत म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून पुसता पुसता थबकले.

मिस्त्रीने ते ऐकलं. तो दिग्दर्शकापाशी गेला. "साहेब, मी एकटा असलो की सरळ चालतो. दुसरा कुणीही ओरडला तरी सरळच चालतो. फक्त ह्यांचा हुकूम आला की माझे हातपाय माझे राहत नाहीत. चुकायचं नाही, चुकायचं नाही, एवढंच डोक्यात घुमतं. या वेळी हुकूम मला देऊ द्या."

दिग्दर्शकाला बुडत्या सिनेमात काहीही चालणार होतं. रांग उभी राहिली. दिवे लागले, कॅमेरा घरघरू लागला. हवालदार ताठ उभे होते, नजर समोर. मिस्त्री कॅमेऱ्याच्या मागे गेला. त्याने छातीभर श्वास घेतला आणि बापाचाच आवाज काढून ओरडला, "हवालदार, तेज चल!"

हवालदार दचकले. साहेबांचे हुकूम त्यांनी आयुष्यभर झेलले होते, स्वतःच्या पोराचा हुकूम कधी ऐकला नव्हता. ते निघाले. डावा पाय, डावा हात. उजवा पाय, उजवा हात. मिशा ताठ, छाती पुढे, आणि खाली साक्षात उंट. मधेच त्यांना ते जाणवलं, त्यांनी सुधारायला पाहिलं, तर आणखीच बिघडलं. तोंडात रुमाल कोंबून सगळा स्टुडिओ हसू दाबत होता. "कट!" झालं आणि छप्पर उडेल असा हशा उसळला.

हवालदार तिथेच उभे राहिले. आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मिस्त्री पाणी घेऊन पुढे आला.

हवालदारांनी या वेळी कुणाला निरोप सांगितला नाही. थेट त्याच्याकडे पाहिलं.

"मला कळलंसुद्धा नाही रे, कधी झालं ते."

"हो, बाबा."

"थांबवायला गेलो तर आणखी वाढलं."

"तसंच होतं, बाबा."

"त्या दिवशी मैदानावर तुला हेच..." त्यांनी पाण्याचा घोट घेतला, मिशा पुसल्या. "आणि मी गल्लीभर सांगत सुटलो, पोरगं भित्रं निघालं म्हणून. चुकलो मी."

"जाऊ द्या, बाबा. लोक विसरले असतील."

"विसरून कसं चालेल?" हवालदारांचा आवाज पुन्हा मैदानावरचा झाला. "सिनेमा लागला की अख्खी गल्ली घेऊन जाणार मी. पहिल्या रांगेत बसवणार एकेकाला. आधी मला हसा म्हणावं, मग माझ्या पोराबद्दल काय बोलायचं ते बोला."