कुठला विषय?

नातीच्या बुटांना ओल्या गवताचा वास आला आणि वीसेक वर्षांपूर्वीचा अमेरिकेतल्या कॅरी गावातला गणपती आठवला.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजातल्या मुलींच्या सॉकर टीमची असिस्टंट कोच होती. मी मात्र सगळ्यांना "कॉलेजात शिकवते" एवढंच सांगायचो. त्या संध्याकाळी ती प्रॅक्टिसवरून थेट आरतीला आली, मोज्यांना गवत चिकटलेलं. ओळखीच्या एका काकांनी विचारलं, "कुठला विषय शिकवतेस गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"फिजिक्स," मीच म्हणालो.

मग ती म्हणाली, "यस काका, फिजिक्स."

आज ती हेड कोच आहे, आणि मी ते कुणी न विचारताही सांगतो. डोळ्यांसमोर मात्र त्या रात्री परतीच्या वाटेवर मोज्यांवरचं गवत एकेक काडी वेचून गाडीच्या खिडकीबाहेर टाकणारी तीच येते.