मधूने सरकवलेला ठिपका

मधू गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण मला सांगत होता, ताई, रडून घ्या, मन मोकळं करा. मला रडू येत नव्हतं. मला राग आला होता. तो अजून उतरलेला नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी ‘भावाबद्दल चार शब्द’ मागितले गेले, तेव्हाच मी सांगून टाकलं की शब्द गोड येणार नाहीत. चालतील म्हणाले, म्हणून लिहिते आहे.

माझ्या भावजयीचा, लताचा, फोन आला तेव्हा मी तलासरीच्या बाजारात मेथीच्या जुड्या बघत उभी होते. “ताई, हे बाथरूमच्या दारात पडलेत. हाक मारतेय, पण बोलत नाहीत हो.” जुडी तिथेच टाकून मी रिक्षा पकडली. उधव्याला पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला गाडीत घातलं होतं. तशीच गाडी वापीच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, माझ्या हाताखालून गेलेल्या एखाद्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी मधूची उजवी पापणी वर करून बघितली, डोक्याचा फोटो काढायला पाठवलं, आणि बाहेर येऊन आम्हाला विचारलं, “गेल्या काही आठवड्यांत यांना एकाचे दोन दिसत होते का? ही पापणी खाली आली होती का?”

लताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “हो.”

“मग कुणाला दाखवलं?”

काय सांगणार? जिग्नेशभाईंना दाखवलं होतं. जिग्नेशभाईंचं तलासरीत इलेक्ट्रिकचं दुकान आहे.

मधू माझा धाकटा भाऊ. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होता, सगळी नोकरी डहाणू रोड आणि आजूबाजूच्या स्टेशनांवर काढली. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या पायरीवर बसतात, गुडघे चोळतात. याने छऱ्याची बंदूक घेतली. उधव्याच्या घरामागे ताडाची रांग आहे आणि तिच्या पलीकडे पुरुषभर उंच मातीचा बांध. त्या बांधासमोर बांबू आडवा बांधून त्यावर सुतळीने करवंट्या टांगायच्या आणि दहा पावलांवरून त्यांवर नेम धरायचा. पक्ष्यावर, प्राण्यावर कधीच नाही. एका पाहुण्याने एकदा होल्यावर बंदूक रोखली, तर मधूने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि चहा न देता त्याला वाटेला लावलं. हळूहळू रविवार सकाळची मंडळी जमली. जिग्नेशभाई आले, धाकट्या डहाणूहून होडीवाला रघू तांडेल यायला लागला. प्रत्येकाची बंदूक आपापली. सर्वात कमी करवंट्या वाजवणाऱ्याने ताडगोळे आणायचे, नाहीतर भजी. मी करवंट्या पुरवायची आणि निकालात खोट काढायची.

वय झालं तसं त्याला बंदुकीवरची खाच आणि टोकाचा दाणा एकत्र दिसेना. खाच स्पष्ट दिसली की करवंटी धूसर, आणि करवंटीकडे बघावं तर दाणा पुसट. दुर्बीण लावून बघितली, तर एवढ्या जवळून तीत नुसता तपकिरी ढग दिसायचा. मग कुठूनतरी त्याच्या डोक्यात रिफ्लेक्स साइट शिरली. म्हणजे बंदुकीवर बसवायची एक छोटी काच. तिच्यात लाल ठिपका दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, बघायचं करवंटीकडेच, आणि ठिपका तिच्यावर आला की घोडा दाबायचा. सिग्नलवाल्याला लाल ठिपका आवडणारच. पण मधूचा हात आखडता. चांगल्यातली नको, स्वस्तातली हवी. आणि स्वस्तातली निवडताना मात्र लग्नाला स्थळ बघावं तशी चौकशी. मी वैतागून म्हटलं होतं, “अरे, लतालासुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतंस!”

पहिली आली ती परत गेली, कारण तिचं बूड रुंद पट्टीसाठी होतं आणि याच्या बंदुकीवरची साइट बसवायची खोबण अरुंद. दुसरी बसली, पण स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते, त्यात तिचा ठिपकाच विझला. तिसरी टिकली. तिची परीक्षा त्याने माझ्यासमोर घेतली. पोत्यावर बंदूक टेकवून पुठ्ठ्यावर छर्रे मारले, मग साइटचे बारके स्क्रू चार घरं वर, चार उजवीकडे, चार खाली, चार डावीकडे असे फिरवून पुन्हा मारले. नवे छर्रे जुन्या भोकांतच गेले. “बघ ताई, घरी परत येतेय,” म्हणाला. पकडीचे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर लताचं नेलपॉलिश लावलं. खेळ संपला की बटणसेल काढून ठेवायचा. ठिपका भडक ठेवायचा नाही, उन्हात जेमतेम दिसेल इतकाच, नाहीतर तो पसरून अख्खी करवंटी झाकतो. हे सगळं त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं, की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

आणि एक नियम त्याने सगळ्यांना घालून दिला होता. दुसऱ्याच्या साइटला डोळा लावायचा नाही. ज्याची साइट, त्याचा डोळा. एकदा दुसऱ्याने बघितलं की त्याचे हात शिवशिवतात, स्क्रू फिरतो आणि मालकाचा नेम बिघडतो. नियम शहाणपणाचा होता. याच नियमाने त्याचा घात केला.

दिवाळीनंतर मधूच्या करवंट्या वाजेनाशा झाल्या. छर्रे उजवीकडे जायला लागले. “ठिपका सरकतोय,” तो म्हणाला. त्याने स्क्रू फिरवून छर्रे परत मधे आणले. पुढच्या रविवारी पुन्हा उजवीकडे. पुन्हा स्क्रू. जिग्नेशभाई म्हणाले, “मधुभाई, सस्ता माल आसाच असते ने. आतली स्प्रिंग गेली असेल, दुसरी मागवू या.” रघूने मान डोलावली, “मी तं पयलंच बोललू होतू.” म्हणजे खटला न चालवताच गुन्हेगार ठरला. स्वस्तातली वस्तू घेतली की हीच सोय होते, काहीही बिनसलं तरी बोट दाखवायला ती समोर असते. मग तिघांच्या बैठका सुरू झाल्या. काच खराब, पकड ढिली, थंडीने धातू आखडला, एक ना दोन. आणि ज्याच्या डोळ्यांनी ते सगळं दिसत होतं, त्याच्या तोंडाकडे एकानेही नीट बघितलं नाही.

एका रविवारी तो मला कौतुकाने म्हणाला, “ताई, गंमत बघ. एक डोळा मिटला तर वेगळीकडे लागतं आणि दोन्ही उघडे ठेवले तर वेगळीकडे. शिवाय आता एकाच्या दोन करवंट्या दिसायला लागल्यात. स्वस्तातल्या काचा दोन डोळ्यांना झेपत नाहीत बघ.” मी त्याच्याकडे बघितलं. उजवी पापणी अर्धी मिटलेली, झोपमोड झाल्यासारखी.

“मधू, तुझी पापणी पडलीय. काचेचं राहू दे, डोळे दाखव.”

“डोळे?” तो हसला. “रेल्वेने जन्मभर तपासलेत हे डोळे. एकदा नापास झालो नाही. लाल-हिरवं ओळखून दाखवलंय, लांबचं वाचून दाखवलंय. तू पोरांच्या बाराखड्या तपास.”

“डोकं दुखतंय असंही लता म्हणत होती.”

“ती सांगणारच. बाम तिचा संपतो ना.”

मी खूप बोलले. भांडलेच. उद्या वापीला चल, मी येते सोबत, म्हटलं. तो म्हणाला, नवी साइट येऊ दे, तिच्यातही दोन दिसले तर जाऊ. असं वचन दिल्यासारखं म्हणाला, आणि मला वाटलं चला, निदान कबूल तरी झाला. आमची ती शेवटची भेट. बसपर्यंत सोडायला आला, आणि चढताना माझ्या करवंट्यांच्या रिकाम्या पिशवीत नारळ घालून म्हणाला, “आधी खोबरं खा, मग करवंट्या दे.” नवी साइट यायची होती. त्याआधी तो बाथरूमच्या दारात पडला.

डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. तो फुगा डोळ्याच्या नसेवर दाब देत होता, म्हणून पापणी पडली, म्हणून डोळा बाजूला सरकत गेला, म्हणून दोन दिसायला लागले. फुगा वाढत होता तसा डोळा आणखी सरकत होता. शेवटी फुटला. वेळेत कळलं असतं तर, मी विचारलं. त्या म्हणाल्या, “प्रयत्न करता आला असता.” मला तो शब्द अजून टोचतो. प्रयत्न. माझ्या भावाने तो प्रयत्न दर रविवारी बारक्या स्क्रूवर केला.

भेटायला येणारे सांगत होते, काय भाग्यवान, हालअपेष्टा न होता गेला. मी उठून आत जायची. कसलं भाग्य? हेकेखोर होता तो, तोंडाळ होता, स्वतःचं सोडून जगातल्या प्रत्येक वस्तूत दोष काढणारा होता. आणि मला हवा होता. अजून वीस वर्षं मला त्याच्याशी भांडायचं होतं.

तेरावं झाल्यावर एका रविवारी जिग्नेशभाई आणि रघू आले. बिचारे अंगणात अवघडून उभे होते. लताच म्हणाली, “त्यांची बंदूक वाजवून बघा ना एकदा. घर फार गप्प झालंय.” नियम करणाराच राहिला नव्हता. जिग्नेशभाईंनी बंदूक पोत्यावर टेकवली, काचेला डोळा लावला आणि पुठ्ठ्याच्या मधोमध ठिपका ठेवून छर्रे मारले. आम्ही पुठ्ठा जवळ जाऊन बघितला. सगळे छर्रे एकाच भोकातून गेल्यासारखे, एकमेकांना चिकटून. पण मधोमध नाही. डावीकडे, चांगले चार बोटं लांब. दर रविवारी स्क्रू फिरवून मधूने ठिपका आपल्या सरकलेल्या डोळ्याला जुळवला होता, तेवढंच ते अंतर.

जिग्नेशभाई खाली बसले. “बेन,” ते म्हणाले, “साइटमध्ये कायच खराबी नव्हती ने. ही तं एकदम चोख आहे.” त्यांचे डोळे भरून आले होते. काय करावं ते न सुचून त्यांनी खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला. “झिरो करून देतो, छर्रे परत मधे येतील. दोन मिनिटांचं काम.”

मी बंदूक त्यांच्या हातातून ओढून घेतली. एवढ्या जोरात, की रघू दचकला. “हात लावायचा नाही,” मी ओरडले, “त्या स्क्रूला कुणी हात लावायचा नाही!”

आता रविवारी मी उधव्याला जाते. करवंटी टांगते, बटणसेल घालते, ठिपका मंद करते. दोन्ही डोळे उघडे ठेवून बरोबर मधोमध नेम धरते आणि छर्रा डावीकडे मातीत जातो. मी मोठ्याने म्हणते, “गाढवा, डॉक्टरकडे चल.” पुन्हा छर्रा भरते. लता स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकते. मला तिथे एकही करवंटी वाजवायची नाहीये. डावीकडच्या मातीत आता वाटीएवढा खड्डा पडलाय. माझा भाऊ शेवटी जग बघत होता ते त्या चार बोटांच्या फरकाने, आणि त्या फरकाएवढाच तो माझ्याकडे उरला आहे.