वाघोबानं धरलेली मोटार

आमच्या मोटारीची चाकं वाघोबानं धरली नव्हती. मी धरली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी (तिनं विचारलं तर) सगळं सांगतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा आम्ही चांद्याजवळ (आताचं चंद्रपूर) मूल गावात राहत होतो. थोरल्या भावानं एक जुनी मोटार घेतली, तीही वहिनीच्या हौसेपायी. वहिनी उभ्या मोटारीत जाऊन बसायची आणि तिथंच तांदूळ निवडायची. मोटारीत खोट एकच होती: ती थांबायची नाही. ब्रेक सळ्यांचे. पाय दाबला की सळ्या कुरकुरत, आणि मोटार पुढच्या घराच्या ओसरीपाशी पोचल्यावर थांबायचा विचार करी.

नवे ब्रेक परवडणारे नव्हते. मी नागपूरला डिस्पोजलच्या बाजारात गेलो, मोडीत निघालेल्या लष्करी जीपचे तेलाचे ब्रेक उचलले आणि घरीच पुढच्या दोन चाकांना बसवले. मागं सळ्याच.

"अन् मागचे?" भाऊनं विचारलं.

"पुढचं थांबलं की मागचं कुठी जाते?"

(भाऊ मॅट्रिक, मी नापास. पण पाना माझ्या हातात होता.)

ब्रेकच्या पायाखालच्या पट्टीला जराशी मोकळीक ठेवावी लागते, म्हणजे पाय उचलल्यावर तेल माघारी जातं. मी ती ठेवली नाही. पाय नुसता टेकला की मोटार जागच्या जागी थांबावी, ही माझी ऐट. गल्लीत थांबलीही. गल्ली आखूड होती.

त्याच आठवड्यात भाऊच्या लेकीला, शकूला, ताप भरला. ती डोळे उघडेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चांद्याला न्या. रेल्वे दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही दुपारीच मोटारीनं निघालो. भाऊ माझ्या शेजारी, वहिनी मागं शकूला मांडीवर घेऊन. आभाळ इतकं खाली आलं होतं की सागाच्या रानात भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं.

त्या रस्त्यावर वाघानं माणूस नेल्याची एक जागा आहे. शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड, त्याच्यापुढं वाळल्या-ओल्या डहाळ्यांचा ढीग. येणारा-जाणारा थांबतो, एक डहाळी टाकतो, मगच पुढं जातो.

"भाऊजी, थांबवा न जरा. डहाळी टाकू द्या."

"पोरगी तापली आहे वहिनी. येतानी टाकू."

मी वेग वाढवला. मोटारीनं वाढवला नाही. मागून कुणी पदर धरावा तशी ती जड झाली. मग चाकांतून आवाज निघाला, हुंऽऽ, खोल, भरल्या पोटातून यावा तसा. रानातली माकडं एकदम गप्प झाली. जळका वास आला, आणि ढिगाच्या थोडं पुढं मोटार आपोआप उभी राहिली. इंजिन चालू, माझा पाय ब्रेकवरून उचललेला, आणि चाकं हलेनात.

"काऊन थांबला?"

"मी नाई थांबलो."

हे खरं होतं, म्हणूनच भाऊ पांढराफटक पडला. दोघांनी उतरून ढकललं. काही नाही. वारा नव्हता, तरी बांबू एकमेकांवर घासत होते, आणि पुढच्या चाकांतला निळा धूर सरळ वर न जाता ढिगाकडं सरकत होता.

"धरली," भाऊ पुटपुटला. "त्यानं धरली."

माझ्याही अंगावर काटा आला. पण धुराबरोबर मला सगळं कळलंही. तेल माघारी गेलं नव्हतं, तापून फुगलं होतं, आणि ब्रेक आवळले होते. चाकामागचा बारका बोल्ट सैल केला की सुटका. एवढंच तोंडानं बोलायचं होतं. पण मग भाऊनं "अन् मागचे?" ज्या सुरात विचारलं होतं, तो सूर मला जन्मभर ऐकावा लागला असता.

"मी दंडवत घालतो," मी म्हणालो, सदऱ्यात पाना लपवला आणि मोटारीखाली दंडवत घातला.

वर वहिनी त्या दगडाशी बोलत होती. शेजारणीशी बोलावं तसं, हळू. "माह्या पोरीले सोड. मोटारीची हौस माही होती. आज चांद्याले पोहचू दे, मग जल्मात मोटारीत पाय ठेवत नाई."

त्याच क्षणी दुसरा बोल्ट फिरला. ऊन तेल माझ्या तोंडावर उडालं, आणि मोटार सुस्कारा टाकून हातभर सरकली.

मी निथळत बाहेर आलो. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. "देवाले घाम फुटला," ती म्हणाली, आणि माझ्या गालावरचं तेल बोटानं घेऊन शकूच्या कपाळाला लावलं.

पुढं चांद्यापर्यंत मी पुढच्या ब्रेकांशिवाय, सळ्यांच्या भरवशावर चालवली.

"आता हळू काऊन चालवून राह्यला?"

"देवानं सोडलेली मोटार आहे भाऊ. जपून न्या लागते." (तिथून पुढं मनापासून देवाचं नाव घेणारा मी एकटाच होतो.)

शकू वाचली. डॉक्टरच्या मते सुईनं, वहिनीच्या मते घामानं. वहिनी रेंगीतून, म्हणजे बैलगाडीतून, घरी आली, आणि नंतर मोटारीत कधी चढली नाही. दारातली मोटार ती बाहेरून पुसायची. शकूच्या सासरी रेल्वे जात नाही. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला वहिनी रेंगीनंच निघाली. वाटेत नदीला पूर. पोचली तेव्हा बारसं उरकलं होतं.

काल तिनं विचारलं, "काय लिहून राह्यले भाऊजी?"

"शेतीचं," मी म्हणालो.

वहिनीला वाचता येत नाही. छापून आलेलं तिला वाचून दाखवायचं काम घरात माझ्याकडं आहे. हे पान तिला वाचून दाखवणं, एवढं मी तिचं देणं लागतो.