मिळत नव्हती

मोठ्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला तो खर्र्यानं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा, चाळीस वर्षं हेच. खर्र्यावर बंदी आहे म्हणतात. आमच्या अर्जुनी मोरगावात ही बंदी रोज सकाळी सातला टपरी उघडून बसते.

भावाला बाहेर बसवून नागपूरचे डॉक्टर शेवटी मला म्हणाले, आता फक्त दुखणं कमी करायचं. ते मॉर्फिनच्या गोळ्या लिहायला लागले, तर मीच हात आडवा घातला. मी शाळामास्तर. दरवर्षी पोरांना व्यसनमुक्तीची शपथ देतो आणि भाषणात अफू, मॉर्फिन, ब्राऊन शुगर ही नावं एका दमात घेतो. म्हटलं, "नशेची गोळी नको, सवय लागेल." ज्याचे थोडेच महिने उरले होते त्याला सवय लागेल! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. डॉक्टरांनी तरीही चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली. मी साध्या गोळ्या घेऊन घरी आलो.

पंधरा दिवसांत भावाला पेजही गिळवेना. उशी मुठीत आवळून पडून राहायचा. वहिनी म्हणाली, "भाऊजी, माह्यानं पाहून नाही होत जी आता. काहीतरी करा."

तेव्हा कुठे माझी अक्कल जागी झाली आणि मी ती चिठ्ठी घेऊन निघालो. अर्जुनीच्या औषधवाल्यानं ती वाचून, मी चोरीचा माल विकायला आणल्यासारखी परत केली. गोंदियात तीन दुकानं पालथी घातली. तिसरा म्हणाला, "नशे की गोली है सर, लायसन्स-रजिस्टर का झंझट कौन पाले?" एवढं बोलून तो पायरीवर आला आणि खर्र्याची पिंक टाकली.

मॉर्फिनचा कायदा सैल केलाय म्हणे. कुणासाठी केलाय? नशेबद्दलचं धोरण बदला म्हटलं की आपल्याला शिक्षा वाढवणं तेवढं सुचतं. मरणाऱ्या माणसाला त्याच्या तालुक्यात गोळी मिळावी, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. चोर धरायला निघाले आणि अख्ख्या गावाला बाहेरून कडी लावून बसले. आणि माझ्यासारखे मास्तर त्या कडीवर पहारा देतात.

शेवटी बस धरून पुन्हा नागपूरला गेलो, गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली दिली. तासाभरानं भावाची मूठ सुटली. वहिनीनं वाटीभर पेज भरवली, त्यानं ती सगळी खाल्ली. मी त्याच्या डोळ्यांत नशा शोधत होतो. ती नव्हती, तो नेहमीसारखा पाहत होता.

"येवढ्यानं थांबते," तो सावकाश म्हणाला, "तं आधी काऊन नाही आणली रे?"

वहिनीनंही माझ्याकडे पाहिलं. नागपुरात मी हात आडवा घातला होता, हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "मिळत नव्हती, भाऊ."