सर्व्हरचं जुनं नाव

नांदेडला मी संगणकाच्या ज्या दुकानात काम शिकत होतो तिथं माझ्या वाट्याला प्रिंटर दुरुस्त करणं आणि वायरी ओढणं एवढंच यायचं. कॉलेज सकाळचं असायचं, दुपारनंतर मी तिकडं जायचो. दुकानाच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. एकदा सर म्हणाले, “लातूरला जाऊन येतोस का? पाईपवाल्यांकडं. सर्व्हरचं नाव बदलायचंय.”

मला आधी ती चेष्टा वाटली.

पाईपवाले म्हणजे शेतीचे पाईप आणि पाण्याच्या मोटारी विकणारे घाऊक व्यापारी. मोठं दुकान लातूरला, दुसरं नांदेडला. दोन्हीकडच्या संगणकांवर हुकूम चालवणारा एक सर्व्हर लातूरच्या दुकानात होता. त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. सकाळी कुणी पासवर्ड टाकला की तो खरा का खोटा हे तो ठरवतो, बिलांच्या फायली कुणाला उघडू द्यायच्या हेही तोच ठरवतो. त्याचा एक जोडीदार नांदेडच्या दुकानात होता आणि दोघं आपापली माहिती एकमेकांना कळवत राहायचे. अशा यंत्राचं नाव सहसा कुणी बदलत नाही, कारण बाकीचे संगणक त्याला नावानंच शोधतात.

“कशाला बदलायचंय, सर?”

“पाईपवाले मालक म्हणतात म्हणून. तिथं गेल्यावर कारण विचारत बसू नको. मी फोनवर आहेच. तू शिकलायस ना हे?”

शिकलो होतो. पण कॉलेजच्या लॅबमध्ये, दोन जुन्या यंत्रांवर, जिथं बिघडलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आई शेजारणीला सांगायची, “पोरगा मोठ्या कंपुटरवर हाय,” आणि मी प्रिंटरची शाई हातावरून धुवत असायचो. म्हणून मी सरांना हो म्हणालो. बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा आमचं गाव तिथून जवळ होतं, पण मी उतरलो नाही. पुढच्या सगळ्या रस्त्यात मी वहीतले आदेश पाठ करत होतो.

कारण मला विचारावं लागलं नाही. दुकानाचे जुने मुनीम गल्ल्याच्या मागं बसले होते. त्यांनी चहा मागवला आणि खुर्ची जवळ ओढली.

“त्या डब्याला कुणाचं नाव हाय, ठाव हाय का?”

“नाही.”

“मालकाच्या पोरीचं. यंत्र आलं तवा ती एवढीशी होती. मालकानं पेढे वाटले अन् तिचंच नाव दिलं त्याला. आता ती लई आजारी हाय. रक्ताचा आजार. हैदराबादला नेतेत, आणतेत, पुन्हा नेतेत.” त्यांनी आवाज खाली आणला. “माहूरला जाऊन देवीची ओटी भरून झाली. मग एक महाराज भेटले. ते म्हणले, ह्या नावाला पुढं वाट न्हाई. दुसरं ठेवा. अन् जुनं कुठंच राहू देऊ नका. जो शोधायला येतो त्याला ते नाव सापडाया न्हाई पाहिजे.”

मुलीचं पुन्हा बारसं झालं होतं. तिच्या खोलीच्या दारावरची पाटी काढली होती. गाडीच्या मागच्या काचेवर मुलांची नावं लिहितात तसं तिचंही होतं, ते मालकांनी स्वतः ब्लेडनं खरवडलं होतं. आता सर्व्हर राहिला होता.

मला हसू आलं नाही. माझ्या आजोबांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आजोबांचं नाव दगडावरून ठेवलं होतं. असं नाव कुणाला न्यावंसं वाटणार नाही, असा त्यामागचा हिशेब. आजोबा चांगले म्हातारे होऊन गेले. हे खरं मानावं की नाही ते मला आजही नीट सांगता येत नाही.

“तुम्ही काय म्हणता तिला?” मी मुनीमकाकांना विचारलं.

“मी बाईसाहेब म्हणतो. चूकच नको.”

मालक आले. उंच, दाढी वाढलेली. त्यांनी मला वरून खाली पाहिलं. “सरांनी तुलाच पाठवलं?”

“हो.”

“येतं का तुला?”

“येतं,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच बारीक वाटला.

“आधी वर जाऊन जेव.”

घर दुकानाच्या वरच होतं. मालकांच्या बायकोनं, मी त्यांना काकू म्हणालो, ताट वाढलं. मुलगी भिंतीला टेकून खुर्चीत बसली होती. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, डोळे मात्र लखलखीत.

“दादा, माझं नाव काढायला आलेले तुम्हीच का?”

मी हातातला घास ताटात ठेवला.

“मशीनचं म्हणते मी,” ती म्हणाली. मास्कच्या आत ती हसत होती. “त्याला नवं नाव दिलं की ते लगेच ऐकतं का?”

“लगेच नाही. आधी दोन्ही नावं ठेवायची. जुन्या नावानं हाक आली तरी ते ओ देतं. सगळ्यांना नवं कळलं की मग जुनं काढायचं.”

“बघ मम्मी, मशीनचे लाड. मला एका दिवसात बदलायला लावलं. पप्पा हाक मारतात अन् मी मागं वळून बघते, कुणाला बोलावून राहिलेत म्हणून.”

“तुझं तोंड काही आजारी पडलं नाही,” काकू म्हणाल्या. वाटीत वरण वाढून त्यांनी ती तिच्यासमोर धरली. “घे ग, थोडं तरी घे,” आणि त्यांच्या तोंडून नाव गेलं. जुनं नाव.

त्या तिथंच थांबल्या. वाटी खाली ठेवून त्यांनी दोन्ही कानांना हात लावले आणि देवघराकडं गेल्या.

“मम्मी, काही होत नाही त्यानं.”

“तू गप बस.”

परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मला पोळी वाढता वाढता, तक्रार करावी तशा म्हणाल्या, “किती जपते बाबा, तरी जातंच तोंडातून. जन्मल्यापासूनची सवय जिभेला.”

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता. मालक स्टूल घेऊन माझ्या शेजारी बसले. काम करताना माणूस असा शेजारी बसला की बोटं चुकतात, पण त्यांना जा म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. मी यंत्राला नवं नाव जोडलं. नांदेडच्या यंत्राला ते कळेपर्यंत थांबलो. मग नवं नाव मुख्य केलं आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा काळा असताना मालकांचा श्वास मला ऐकू येत होता. यंत्र उठलं आणि पडद्यावर नवं नाव आलं.

सर फोनवर म्हणाले, “शाब्बास. आता जुनं राहू दे आठवडाभर. सगळे संगणक हळूहळू नव्यावर घे, मग काढ.”

मालकांनी ते ऐकलं. “म्हणजे आहे अजून ते?”

“आहे, मालक. पण आत्ता काढलं तर काउंटरवरची बिलं थांबतील. नांदेडची पण. प्रत्येक संगणकाला नवा रस्ता दाखवावा लागतो.”

“थांबू दे.”

मुनीमकाका दारात उभे होते. “मालक, सीझन हाय. बाहेर टेम्पो लागलेत. गिऱ्हाईक खोळंबंल.”

“हातानं पावत्या लिहा.”

“दोन्ही दुकानांत?”

“मुनीमजी, थांबू दे म्हणलं ना.”

मुनीमकाका निघून गेले. याच मालकांनी वडिलांच्या तेराव्यालाही अर्धा दिवस दुकान उघडलं होतं, हे मुनीमकाकांनीच मला चहा पिताना सांगितलं होतं.

मी जुनं नाव काढलं. बाहेर लगेच आरडाओरडा सुरू झाला. कुणाची फाईल उघडेना, कुणाचा प्रिंटर सापडेना. मी एकेका संगणकाशी जाऊन नवा रस्ता देत गेलो. नांदेडच्या दुकानात सर स्वतः जाऊन तेच करत होते. मग दोन्ही यंत्रांच्या याद्यांमध्ये जुन्या नावाच्या मागं राहिलेल्या नोंदी होत्या, त्या मी शोधून पुसल्या. सगळं झाल्यावर मालकांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर जुन्या नावानं शोध घेतला. या नावाचं काही सापडलं नाही, असं पडद्यावर आलं.

“गेलं?”

“गेलं, मालक.”

“नांदेडचं?”

मी इथूनच तिथल्या यंत्रातही शोधून दाखवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता.

मुलगी दसऱ्याच्या आधी गेली. मुनीमकाकांनी फोन करून कळवलं. फोनवरही ते बाईसाहेब असंच म्हणाले.

सर आणि मी भेटायला गेलो. वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकल्या होत्या. मालक भिंतीला टेकून, नातेवाइकांच्या मधे. आम्ही बसलो. आतल्या खोलीच्या दारातून काकू दिसत होत्या. त्यांची बहीण पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याशेजारी बसली होती आणि पुन्हा पुन्हा सांगत होती, “अगं एक घोट घे. किती दिवस अशी बसणार?”

काकूंनी मला पाहिलं. “ह्यानंच काढलं होतं ना नाव?” त्या म्हणाल्या. “इकडं ये, बाळा.”

मी दारापर्यंत गेलो आणि खाली बसलो.

“खरं सांग. त्या मशीनमध्ये राहिलं होतं का कुठं?”

मला कळेना. त्यांच्या बहिणीनं माझ्याकडं पाहून हळू आवाजात सांगितलं, “दवाखान्यात शेवटी हिच्या तोंडून जुनं नाव गेलं. पोरीचा हात धरून हाका मारल्या हिनं, त्याच नावानं. आता म्हणते, शोधायला आलेल्याला मीच दाखवून दिली. डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही सांगून थकलो. ऐकतच नाही.”

काकू माझ्याकडं बघत होत्या. नावानं असं काही होत नसतं, हे मी म्हणू शकत होतो. मी शिकलेला होतो, मला ते म्हणता यायला हवं होतं. पण ते त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं, आणि त्यांनी मला ते विचारलंच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की आणखी कुठं राहिलं होतं का.

राहिलं नव्हतं. मी स्वतः शोधलं होतं.

“राहिलं होतं, काकू,” मी म्हणालो. “नांदेडच्या मशीनमध्ये. मला नंतर दिसलं.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. माझ्याकडूनच राहिलं.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिव्या देतील असं मला वाटलं आणि मी मान खाली घातली. त्या नुसत्या “हाय का” म्हणाल्या. मग त्यांचे खांदे सैल झाले आणि त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, तोंडाला पदरही न लावता. बहिणीनं नंतर सांगितलं, की मुलगी गेल्यापासून काकू पहिल्यांदाच रडत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी बहिणीच्या हातातला पेला घेतला आणि पाणी प्यायल्या.

मी वळलो तर मालक उठून माझ्यामागं येऊन उभे होते.

“मी विचारलं होतं तुला,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “दोनदा विचारलं होतं.”

सर पुढं झाले. “मालक, तसं काही नाही, मी स्वतः नांदेडला…”

मी सरांच्या हाताला धरलं. सर माझ्याकडं बघत राहिले आणि गप्प झाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “खोटं का बोललास?”

मी म्हणालो, “काकूंनी पाणी घेतलं, सर.”

“ते बघितलं मी.” त्यांनी गाडी सुरू केली. “मालकांचं काय?”

दोन्ही दुकानांचं काम आमच्याकडून गेलं. ते जाणारच होतं. सरांनी मला कामावरून काढलं नाही, पण कुठल्या सर्व्हरला हात लावायलाही पुन्हा पाठवलं नाही. मी प्रिंटरवर परत आलो.

मधे मुनीमकाका नांदेडच्या दुकानात आले होते. मला रस्त्यात पाहून थांबले. ते माझ्याशी बोलतील असं वाटलं नव्हतं. म्हणाले, काकू आता स्वयंपाकघरात जातात, देवीच्या आरतीलाही बसतात. तुझं नाव घेऊन दोन वाईट शब्द बोलतात, पण जेवतात.

“आणि मालक?”

“मालक खाली जिन्याखाली बसतेत. नवी पोरं येतेत ना मशीन बघायला, त्यांला म्हणतेत, ते नाव शोध. पोरं शोधतेत. न्हाई सापडत. मालक म्हणतेत, नीट बघ, मला आधीपण एकानं असंच सांगितलं होतं.” मुनीमकाकांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “काय सांगावं त्या माणसाला.”

काय सांगावं ते मला माहीत आहे. लातूरला जाऊन, मालकांना एकट्याला गाठून, काहीच राहिलं नव्हतं असं सांगावं, असं मला पुष्कळदा वाटतं. एकदा तर स्टँडवर जाऊन बसलोही होतो. पण मालकांना सांगितलं की ते वर जाऊन काकूंना सांगणार नाहीत, याची खात्री मला कोण देणार? लातूरची बस लागली आणि सुटली. मी अजून गेलेलो नाही.