धम्मशीलाचं पाळणाघर आणि दारात आलेली आत्या

तुमच्या दारात लेकराची सख्खी आत्या येऊन उभी राहिली, हातात चांदीचा करदोडा, तोंडात साखर, तर तुम्ही तिला बाहेर ठेवाल का? खरं सांगा. आपल्याकडं आत्याला कुणी ओळखपत्र मागत नाही. बारशाला लेकराच्या कानात नाव सांगणारी ती. धम्मशीलानंही तिला आत घेतलं, खुर्ची दिली. पुढं जे झालं त्यावर अख्खी परभणी बोलायली, आणि बोलणाऱ्यांना धम्मशीला कोण याचा पत्ता नाही. मी तिची जुनी मैत्रीण, म्हणून लिहायला बसले.

धम्मशीला माहेरची पिंगळीची. नवरा रिक्षा चालवतो. विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. आधी ती एका बालवाडीत मदतनीस होती. लेकरांची नाकं तिनं पुसायची, चड्ड्या तिनं बदलायच्या आणि कौतुक बाईंचं. सोडलं तिनं ते. पुढच्या खोलीत स्वतःचं पाळणाघर काढलं, जोडीला सासू सुलाबाई.

लेकरं येईनात. फोन यायचे. वेळ काय, खायला काय देता, पंखा आहे का, सगळं विचारून झालं की शेवटी हळूच, ताई, तुमचं आडनाव काय? आडनाव सांगितलं की "कळवतो". कुणी कळवलं नाही. मी असते तर घर शोधून विचारून आले असते, काय कळवणार होता ते आता तोंडावर सांगा म्हणून. धम्मशीला तशी नाही. तिनं फोन डब्याला टेकवून उभा केला आणि रील काढायला लागली.

सुरुवातीचे रील सगळ्यांसारखेच. रंगीत चेंडू, इंग्रजी गाणी. कोण बघतंय? मग एका दुपारी सुलाबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. पायावर गोधडीची घडी, घडीवर दीड वर्षाचा महारुद्र, तोवर आलेल्या मोजक्या लेकरांतला. म्हातारी पाय हलवायली, तोंडानं काहीतरी गुणगुणायली, आणि पोराचे डोळे मिटत चालले. धम्मशीलानं तेवढंच टिपलं आणि टाकलं. गाव लोटलं बघायला. आमची आजी असंच निजवायची, असं किती जणींनी खाली लिहिलं. नोकरीवाल्या पोरींचे फोन सुरू झाले. आडनाव विचारणं बंद नाही झालं, पण कमी झालं. खोली भरली. धम्मशीला मला म्हणाली, "ताई, आता आमची सासू फेमस हाय, मी तिची मॅनेजर."

महारुद्र हा अर्पिताचा मुलगा. अर्पिता रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सासर ताडकळसकडचं. नवऱ्याचा मार खाऊन एक दिवस लेकरू घेऊन निघाली ती परत गेली नाही. कोर्टात प्रकरण चालू आहे. सासरच्यांना पोरगा पाहिजे आणि पोरगा दिवसभर कुठं असतो हे तिनं त्यांच्यापासून कसोशीनं लपवलेलं. धम्मशीलाला एवढंच माहीत होतं की ती नवऱ्यापासून वेगळी राहते. रील टाकायच्या आधी तिनं विचारलं होतं. अर्पिता स्कूटीवर, हेल्मेट घातलेली, उशीर झालेला. "टाका की ताई, गोड दिसायलाय," म्हणाली आणि गेली.

रीलखाली धम्मशीलानं काय लिहिलं होतं? आमचा लाडका महारुद्र. मग गल्ली, निळं गेट, सकाळी किती ते संध्याकाळी किती, आणि घरगुती वातावरण, घरी आम्ही दोघी सासू-सून. धंद्याची जाहिरात म्हणून चोख. ताडकळसलाही फोन आहेत हे अर्पिताच्याही डोक्यात आलं नाही.

तर त्या दुपारी दारात बाई आली. चांगली साडी, हसरा चेहरा. मी राजेश्री, महारुद्रची आत्या. अर्पितावहिनीनंच पाठवलं, आज लवकर न्यायचंय, घरी कार्यक्रम आहे. धम्मशीला चहा टाकायला उठली. महारुद्र सुलाबाईच्या पायावर झोपला होता, बाकीची लेकरं सतरंजीवर. राजेश्री म्हणाली, उठवू नका, असाच खांद्यावर घेते. आणि वाकली.

चहा टाकता टाकता धम्मशीलाच्या कानावर गाडीचा आवाज आला. गेटबाहेर चारचाकी उभी, इंजिन चालू. कार्यक्रमाला लेकरू न्यायला आलेली माणसं गाडी बंद करून, पाणी पिऊन, चार गोष्टी बोलून जातात. हिच्या गाडीतला माणूस खाली उतरलाच नव्हता. धम्मशीलानं गॅसपाशी उभ्या उभ्या अर्पिताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. लॅबमध्ये हातमोजे घालून बसलेली पोरगी फोन कशी उचलणार?

पुढच्या खोलीत सुलाबाईनं लेकरावर हात ठेवलेला. "पायावर निजल्यालं लेकरू उचलत न्हाईत बाई. उठू द्या, मग बोलू."

राजेश्री अजून हसतच होती. "आजी, माझं रक्त हाय ते."

"असंल की. पण सकाळी ज्या हातानं दिलं, त्याच हातात आमी देतो. देव आला तरी बसवून ठेवू."

धम्मशीलानं चहा आणून दिला. राजेश्रीनं घेतला नाही. हसू गेलं. करदोडा परत पर्समध्ये गेला. ती अंगणात गेली, फोन वर केला आणि लाइव्ह सुरू केलं. परभणीकरांनो बघा, पाळणाघराच्या नावाखाली लेकरं कोंडतात, सख्ख्या आत्याला देत नाहीत. मग खिडकीतून आत फोन धरला, सुलाबाईवर, पोराच्या चेहऱ्यावर, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर, आणि म्हणाली, "बघा, आमच्या घरचं लेकरू कुणाच्या घरात निजवलंय."

धम्मशीलानं आतून कडी लावली आणि मला फोन केला. मला तिचं बोलणं कळेना. मागं लेकरं उठून रडायलेली. मी रिक्षा पकडली. वाटेतच माझ्या फोनवर ती क्लिप येऊन पडली. एवढ्यात.

मी पोचले तेव्हा गेटपाशी स्कूट्यांची गर्दी. क्लिप बघून आया धावत आल्या होत्या. कुणी आपलं लेकरू छातीशी धरून पिशवी मागत होती, कुणी धम्मशीलाच्या तोंडाकडं न बघता निघून गेली. राजेश्री सगळ्यांना तेच ते सांगत होती. माझी तिच्याशी जुंपली. काय बोलले ते इथं लिहीत नाही. तेवढ्यात लॅबमधल्या कुणीतरी क्लिप दाखवल्यामुळं अर्पिता आली, अंगात पांढरा कोट तसाच. तिला बघताच ती चारचाकी राजेश्रीला घेऊन निघून गेली. अर्पिता आत गेली. महारुद्र तिथंच, सुलाबाईच्या पायावर. म्हातारीचे पाय बधिर झालेले, तिला दोघींनी धरून उठवलं.

अर्पिता रडली नाही. तिनं विचारलं, "ताई, पत्ता का टाकला?" पत्ता नाही टाकला तर लेकरं येतील कशी, हे त्या वेळी कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी धम्मशीलानं तो रील काढून टाकला. ज्याच्यावर खोली भरली होती तोच. निम्म्या आया परत आल्या, बाकीच्या अजून "कळवतो" म्हणतात. गल्लीत गाडी थांबली की ती हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. सुलाबाई दुपारी दाराला पाठ लावून बसते. आणि महारुद्रला दुसरीकडं ठेव, हे अर्पिताला धम्मशीलानंच सांगितलं. कुठं ते मला बोलली नाही. मीही विचारलं नाही.

पण ती लाइव्हची क्लिप फिरायलीच आहे. काढून टाकायला पोलिसात अर्ज दिलाय, बघू म्हणतात. धम्मशीलाच्या विरोधातल्यांनी पाठवली ते सोडा. तिच्या बाजूची आपलीच माणसं, बघा किती जातिवाद, असं वर लिहून पाठवायलीत. राग मलाही आहे, तुमच्यापेक्षा जास्त. पण त्या क्लिपमध्ये महारुद्रचा चेहरा आहे, स्वच्छ, जवळून. आज तो ज्या कुणाच्या घरी निजत असेल, तिथल्या शेजारणीच्या फोनवर ती गेली तर लपवून काय उपयोग? ताडकळसला खबर जायला किती वेळ लागतो?

तुमच्या फोनमध्ये ती क्लिप असेल. बाजू कुणाचीही घ्या, माझ्याशी भांडा, पण ती कुणाला पाठवू नका. आत्ता, हा कागद बाजूला ठेवून, पुसून टाका.