भिंतीवरचं शून्य

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझं शेत शून्य झालं. सगळ्या गावासमोर... आणि करणारी कोण, तर माझीच नात.

आमचं गाव मूल तालुक्यातलं, धानाचं. यंदा धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला आलं आणि पाऊस गायब. तलावात उरलं ते एकाच पाळीचं पाणी, तेही सगळ्यांना पुरणार नाही असं. मिळालं तर दाणा भरतो, नाही मिळालं तर पोचट... आणि वर्षभर तांदूळ विकत आणा.

दरवर्षी यावरून फावडी उगारली जातात. म्हणून पाणीवाटप समितीच्या अध्यक्षभाऊंनी यंदा प्रज्ञाला बोलावलं. माझी ही नात नागपूरला इंजिनिअरिंगचं पुढचं शिकते, आणि शिकते तेही हेच, पाणी कुठून कुठे न्यावं. चार दिवस पोरगी टेप घेऊन पाटापाटाने फिरली.

मग लॅपटॉपात तलावाचा एक गोल, प्रत्येकाच्या शेताचा एक गोल, आणि मध्ये बाण. बाणावर दोन आकडे... त्या पाटात किती पाणी मावतं आणि वाटेत किती मुरतं. याला नेटवर्क फ्लो म्हणतात म्हणे. कम्प्युटर सगळ्या वाटा तपासतो आणि कुठे किती सोडलं तर गावाचं एकूण धान जास्तीत जास्त होईल ते सांगतो. मला वाटलं, बरं आहे, कम्प्युटरच्या अंगावर फावडं घेऊन कोण जाणार!

सभेत प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर चित्र उमटलं. माझा गोल सगळ्यात शेवटी, आणि त्यात शून्य. चष्मा पुसून पाहिलं... शून्यच.

"काऊन वं?" मी विचारलं.

प्रज्ञा खाली बघत म्हणाली, "आजी, तुझ्याकडचा पाट मुरमातून जाते. अर्धं पाणी रस्त्यातच मुरते. तेवढ्या पाण्यात वरच्या तिघांचं धान पिकते. गावाचा फायदा त्याच्यात हाये."

"अन् मी गावात नाई का?"

लोक हसले. प्रज्ञा सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन गेली होती, एक शब्द बोलली नव्हती. आधी सांगितलं असतं तर मी आकडे बदलायला लावले असते, असं तिचं म्हणणं. लावलेच असते.

रागात होते, पण नजर चित्रावरच होती. माझ्या गोलात बाण येत होता, बाहेर एकही जात नव्हता... जसं काही पाणी माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, मुक्कामालाच येतं.

उभी राहिले. म्हटलं, "माह्या बांधीतलं पाणी झिरपून खाली जाते. खाली मोहल्ल्याची विहीर हाये. ज्या साली माही बांधी कोरडी, त्या साली होळीलेच विहिरीचा तळ दिसते. पाहा आठवून."

अध्यक्षभाऊंनी मान हलवली. "खरं हाये बाईचं." प्रज्ञाने माझ्या गोलातून विहिरीपर्यंत एक बाण काढला, उन्हाळ्यातल्या प्यायच्या पाण्याचा आकडा टाकला आणि बटण दाबलं. माझं शून्य गेलं! दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी जरा ऐटीतच खाली बसले.

मग मागून शेवंता उठली. ही माझी रोवणीची जोडीदारीण, जन्मभर आम्ही एकमेकींच्या चिखलात वाकलो. तिचं शेत पाटाच्या दुसऱ्या फाट्यावर, दोनच बांध्या.

"तो गोल माहा होय ना? त्याच्यात शून्य कुठून आलं आता?"

पाणी तेवढंच होतं... माझ्याकडे आलं म्हणजे कुठून तरी गेलंच असणार.

"मावशी, तुमच्या खाली विहीर नाई," प्रज्ञा हळूच म्हणाली.

आता मला सांगा, दहा मिनिटांपूर्वी हाच हिशोब मला अन्याय वाटत होता. तोच कम्प्युटर, तेच गोल, आणि आता गप्प बसलेली मी. बरोबर काय आणि चूक काय, डोकंच चालेना.

घरी येताना शेवंता म्हणाली, "तू त वकिलासारखी बोललीस वं. माह्या बांधीखाली काईच नव्हतं का तुले दाखवाले?"

घरी आल्याबरोबर प्रज्ञाला म्हटलं, आम्हा दोघींना अर्धं अर्धं दे आणि मिटव. तिने तेही घालून पाहिलं. अर्ध्या पाण्यात दोघींचंही पोचट निघतं. म्हणजे भलेपणा करायचा तर तोही परवडायला हवा...

दुसऱ्या दिवशी माझ्या बांधीत पाणी आलं. मी तशीच शेवंताकडे गेले. म्हटलं, कापणीला ये, अर्धं धान तुझं.

"भीक नको मले," ती म्हणाली. "पुढच्या साली सभेत माह्यासाठी बोलजो. अशीच, उभी राहून."

हो म्हणून आले. पण बोलू काय? काल सकाळी तिच्या बांधीखाली सगळीकडे फिरले. विहीर नाही, तळ्यासारखी बोडी नाही, गुरं पाणी प्यायला येतात असा एक खड्डाही नाही... नुसतं गवत. त्या दोन बांध्यांतून कुठे काही जात असेल तर एवढंच, की शेवंता, तिची सून आणि नातू वर्षभर घरचा भात खातात.

प्रज्ञाला विचारलं, याचा बाण निघतो का गं?

"निघते ना आजी. पण त्याच्यावर आकडा किती लिहू?"

कालपासून विचार करून राहिले... तीन माणसांच्या भाताचा आकडा विहिरीच्या आकड्यापुढे किती लिहिला की तो पुरेल? मला नाही सांगता येत. कोणाला येत असेल तर खाली लिहा. मात्र लिहिताना स्वतःचं शेत कुठल्या फाट्यावर आहे तेही सांगा.